तिकोना, पवनेचा तलाव आणि पहिल्यांदाच गड चढणारं कुटुंब

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं चार जणांचं कुटुंब: नवरा-बायको चाळिशीच्या आसपास, मुलगी नऊ वर्षांची आणि ताईंचे वडील चौसष्ट वर्षांचे, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. आजवर कुणीच गड चढलेलं नाही. पवनेचा तलाव वरून दिसेल असा छोटासा ट्रेक हवा आहे. तिकोना तासाभरात होतो असं सगळे म्हणतात, तर जुलैतल्या एखाद्या रविवारी दहाच्या सुमारास चढायला सुरुवात करून जेवणापर्यंत उरकून येता येईल का?

ताई, डोंगर अगदी बरोबर निवडलात. जुलै, रविवार, दहाची वेळ आणि ‘उरकून’ हा शब्द, हे चारही मात्र बदला.

मी चिंचवडचा. आमच्या नळाला येणारं पाणी पवना धरणातून सुटतं, नदीतून वाहत रावेतपर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. त्यामुळे तिकोन्यावर बसून तो तलाव बघताना मला तो कधी परका वाटत नाही. गेली पंचवीसेक वर्षं मी नवख्या लोकांना या गडावर नेतोय. शाळेतली मुलं असतात, कार्यालयातले गट असतात, निवृत्त मंडळी असतात. इतक्या वर्षांत मुरगळलेले पाय आणि सोललेले गुडघे जे पाहिले, ते जवळजवळ सगळे उतरतानाचे होते. आणि बहुतेक त्यांचे, जे ‘एवढासा तर गड आहे’ म्हणत घाईत निघाले होते. मोठ्या ट्रेकला माणूस तयारी करून येतो. छोट्या गडावर तो चपला घालून, अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात धरून येतो. तुम्हाला जे सांगायचंय त्याचं मूळ इथेच आहे.

‘तासाभरात होतो’ हे खोटं नाही. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या वेळेचा एक हिशेब मांडला, तो आजही वापरतात. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरला आणखी एक तास मिळवायचा. तिकोन्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट, म्हणजे १०६६ मीटर. पायथ्यापासून प्रत्यक्ष चढायचे साधारण ३५० मीटर. वाट एका बाजूने दीड-दोन किलोमीटर. हिशेब मांडला तर बरोबर तास येतो. पण तो हिशेब सवयीच्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. नऊ वर्षांची मुलगी दर वळणावर एखादा किडा बघायला थांबणार, आणि तिने थांबावंच. बाबांनी श्वास लागायच्या आधी थांबायला हवं. तुमच्यासाठी चढायला दोन तास, वर दीड तास, उतरायला पावणेदोन तास धरा. सव्वापाच तास झाले. सकाळी साडेसहाला पहिलं पाऊल टाकलंत तर पावणेबाराला खाली. दहाला निघालात तर भर दुपारी उघड्या कातळावर सापडाल.

आता जुलैबद्दल. तुम्हाला तलाव बघायचा आहे ना? जुलैत तिकोन्यावर उभं राहिलं की बहुतेक वेळा चारी बाजूंना पांढरं ढगच दिसतं. हाताच्या अंतरावरचा माणूस दिसला तरी नशीब. त्या ढगातही वेगळी मजा आहे, मी स्वतः दरवर्षी एकदा तरी तेवढ्यासाठी जातो. पण ती मजा शेवाळलेल्या कातळावर पाऊल कसं टाकायचं हे पायांना कळल्यानंतरची. आपला काळा बसाल्ट कोरडा असताना बुटाला छान धरून ठेवतो. त्याच दगडावर पाऊस आणि शेवाळ आलं की काचेवर पाय ठेवल्यासारखं होतं. त्यात रविवार म्हटलं की जिन्यावर वरचे आणि खालचे समोरासमोर अडकतात आणि ओल्या पायरीवर ताटकळत उभं राहायची वेळ येते. बाबांसाठी सगळ्यात वाईट ते हेच.

शिवाय पावसाळ्याच्या सुरुवातीला धरण भरलेलं नसतं. मे-जूनमध्ये पाणी पार खाली गेलेलं असतं, काठाला तांबूस चिखलाचे पट्टे दिसतात. एरवी बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळही उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं. ऑगस्टच्या सुमारास तलाव भरत येतो. म्हणून भरलेला तलाव, धुतलेली हवा, हिरवे डोंगर आणि कोरडा जिना असं सगळं एकत्र हवं असेल तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते डिसेंबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उतारांवर सोनकीची पिवळी फुलं अजून शिल्लक असतात, म्हणून माझं मत ऑक्टोबरकडेच झुकतं. त्यात एकच सांभाळायचं: परतीचा पाऊस. तो दुपारनंतर गडगडाट घेऊन येतो. गडमाथा उघडा आहे, वर झेंड्याचा खांब आहे. ढग गडगडल्याचा आवाज कानावर आला की फोटो तसेच टाकून खाली सुटायचं, ‘अजून लांब आहे’ म्हणत बसायचं नाही. सकाळी लवकर चढायचा आग्रह याही कारणासाठी आहे.

आणखी एक कारण प्रकाशाचं. तलाव गडाच्या पश्चिमेला आणि वायव्येला पसरलेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पाणी, त्यातली भूशिरं, पलीकडचे डोंगर असं सगळं समोरून उजळतं. दुपारनंतर सूर्य त्याच बाजूला झुकतो, डोळ्यांवर येतो आणि पाण्याची नुसती चकाकी उरते. थंडीच्या सकाळी तलावावर धुक्याची चादर असते आणि डोंगरांचे माथे तेवढे वर तरंगताना दिसतात. ऊन चढलं की ते धुकं कडेकडेने विरत जातं आणि खालून पाणी हळूहळू उघडं पडतं. वर दीड तास धरा म्हणालो तो यासाठी.

लोहगड किंवा तुंग का नको, असंही कुणी विचारेल. लोहगडाला बांधीव पायऱ्या आहेत आणि तो सोपा आहे हे खरं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात तो आहे, त्यामुळे गर्दी आहेच. तो एकदा जरूर बघा, पण तलाव तिथून जरा दूर राहतो. तुंगाचं नाव कठीणगड. तो तलावाच्या अगदी कुशीत उभा आहे आणि दृश्य तिथून फारच देखणं आहे, पण वाट अरुंद आणि एका बाजूने उघडी. मुलीला घेऊन पहिल्याच फेरीत मी तिथे जाणार नाही. तिकोना या दोघांच्या मधला. वाट बहुतेक ठिकाणी रुंद आणि मळलेली आहे, आणि जिथे अवघड आहे तिथे दोन्ही बाजूंना दगड आहे, दरी नाही.

बाबांबद्दल आधी सांगतो, मग वाटेकडे वळू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय न्यायचं नाही. विचारताना ‘फिरायला जाऊ का’ असं मोघम विचारू नका. ‘एका सकाळी साधारण ११५ मजले चढायचे आणि उतरायचे आहेत, मध्ये थांबत थांबत’ असं स्पष्ट सांगा, कारण एक मजला तीन मीटरचा धरला तर ३५० मीटरचे तेवढेच होतात. डॉक्टर ते ऐकून नीट विचार करून सांगतील. त्यांनी होकार दिला तर वाटेवर एकच कसोटी लावा: चालता चालता बाबांना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. सगळ्यांनी थांबायचं, एकट्या त्यांनी नाही. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, थंड घाम, चक्कर यातलं काहीही आलं तर तिथेच बसवायचं, एक पाऊलही पुढे नाही, आणि १०८ किंवा ११२ ला फोन. डोंगरातल्या बचावकार्यात तरबेज असलेली शिवदुर्ग मित्र ही लोणावळ्याची संस्थाही जवळच आहे. गडावर सगळीकडे फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. म्हणून पायथ्याशी ज्यांच्याकडे गाडी लावाल त्यांना किती जण वर चाललोय आणि किती वाजेपर्यंत उतरू हे सांगून ठेवा.

बाबांना सगळ्यात पुढे ठेवा. नवख्या गटाची हमखास होणारी चूक म्हणजे तरुण माणूस पुढे सुटतो, शंभर पावलांवर थांबून मागच्यांची वाट बघतो, आणि मागचे पोचले की लगेच ‘चला’ म्हणतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पावलाने सगळा गट चालला की कुणी दमत नाही आणि गंमत म्हणजे वेळही फारसा जास्त लागत नाही.

आता वाट. गावाचं नाव तिकोना पेठ. ठाण्याहून गाडीने येत असाल तर लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवनानगरला उतरा आणि तिथून पेठेला या. खिंड उतरताना तलाव पहिल्यांदा दिसतो आणि गाडीतले सगळे एकदम बोलायला लागतात, असा माझा अनुभव आहे. पुण्याकडून येणारे कामशेतवरून पवनानगरला येतात किंवा पौड-कोळवणच्या रस्त्याने हाडशीवरून येतात. पहाटे तीन-साडेतीनला ठाण्याहून निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी येऊन गावात मुक्काम करा. अपुऱ्या झोपेचा माणूस उतरताना ठेचकाळतो. तलावाकाठच्या तंबूंमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी वाजत असतात, तेव्हा झोप हवी असेल तर गावातलं एखादं घर बघा.

सुरुवातीची वाट डोंगराच्या सोंडेवरून, झुडपांतून जाते. चढ अंगावर येणारा नाही. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला, अगदी रेंगाळल्यासारखं वाटेल इतकं. स्नायू तापायला आणि श्वासाची लय बसायला तेवढा वेळ लागतोच. झाडी विरळ झाली की मागे आणि बाजूला बघत जा, पाणी डोकवायला लागतं.

पुढे वेताळ दरवाजा लागतो आणि त्यानंतर चपेटदान मारुती. तुमच्या मुलीला हा मारुती आवडेल. आपण देवळात हात जोडलेला दासमारुती बघतो, इथला चापट मारायला हात उगारून उभा आहे आणि पायाखाली त्याने पनवती नावाच्या राक्षसिणीला दाबून धरलंय. तिथून वर गेलं की जरा सपाटीवर तळजाईचं स्थान आहे. कातळात कोरलेलं लेणं, त्यात देवी, समोर पाण्याचं टाकं. गड बांधण्याच्या कितीतरी आधी इथे माणसांची ये-जा होती हे त्या लेण्यावरून लक्षात येतं. जवळच चुना मळायची घाणी आहे, दगडी चाक आणि त्याचा गोल चर. तटबंदीतले दगड ज्या चुन्याने जोडले तो अशाच घाणीत मळला गेला. मुलीला विचारा, हे चाक कोण ओढत असेल? उत्तर बैल असं आहे, पण तिला शोधू द्या.

तळजाईपाशी पूर्ण पंधरा मिनिटं बसा. खा, पाणी प्या, बाबांना बूट सैल करून पुन्हा बांधू द्या. इथेच एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो घरूनच ठरवून आलात तर इथे चेहऱ्यांवर ताण येत नाही. बाबा दमले असतील तर त्यांची चढाई इथे संपली. एका मोठ्याने त्यांच्यासोबत सावलीत थांबायचं, दुसऱ्याने मुलीला घेऊन वर जायचं आणि नंतर आलटूनपालटून. माझ्या गटातले एक आजोबा तीन वर्षं तळजाईपर्यंतच येत होते. चौथ्या वर्षी ते वर गेले. तिन्ही वर्षं त्यांनी देवीसमोर बसून खाल्लेल्या डब्याचं कौतुक नंतर आम्हाला ऐकवलं आहे.

कारण इथून पुढे तो जिना. बालेकिल्ल्यात नेणारा, कातळातला, खडा. पायऱ्या उंच आणि ओबडधोबड, काही तर मुलीच्या गुडघ्याला लागतील एवढ्या. दोन्ही अंगांना कातळ, त्यामुळे भीती कमी वाटते, पण मान वर केली तर पायऱ्या थेट आभाळात गेल्यासारख्या दिसतात. म्हणून मान वर करायचीच नाही, पुढच्या तीन पायऱ्या बघायच्या. आधाराला तार आहे, ती तोल सावरण्यापुरती धरा, अंगाचा भार पायांवरच ठेवा. तारेला लोंबकळत चढणारा माणूस तार हलली की स्वतःही हलतो आणि तीच तार धरलेल्या बाकीच्यांनाही हलवतो. मुलगी चढताना एक मोठा माणूस तिच्या लगेच खाली हवा. उतरताना तो तिच्या आधी, म्हणजे पुन्हा खालच्याच बाजूला. हात धरून ओढू नका. तिला चारी हातापायांनी चढू द्या, मुलांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं. वरून कुणी येत असेल तर कडेला पाठ टेकून थांबा आणि त्यांना आधी जाऊ द्या.

माथ्यावर महादेवाचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहे आणि झेंड्याची जागा आहे. चपला-बूट बाहेर काढून दर्शन घ्या आणि मग पश्चिमेच्या अंगाला, कड्यापासून चांगलं चार-पाच पावलं आत, बैठक मारा.

समोर पाणी, पाण्यापलीकडे सुळक्यासारखा तुंग. उजवीकडे उत्तरेला लोहगड, विंचूकाटा नावाची लांब सोंड बाहेर काढलेला, आणि त्याला चिकटून विसापूरचं रुंद पठार. तिकोन्यासकट हे चौघे एकमेकांना दिसतात, आणि ते तसे दिसणं हेच त्यांचं काम होतं. घाटावरून खाली कोकणात उतरणाऱ्या बोरघाटाच्या वाटेवर आणि या पवन मावळावर त्यांची नजर होती. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंहाच्या मोहिमेत मोगली फौजेने याच परिसरातली गावं जाळली, आणि त्या जूनमध्ये पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत हे चारही होते. मुलीला हे सांगताना एक गोष्ट नक्की सांगा. त्या वेळी हा तलाव नव्हता. गडावरचा पहारेकरी खाली बघायचा तेव्हा त्याला नदी, भातखाचरं आणि गावं दिसायची. तलाव १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला धरण झालं तेव्हाचा. त्या पाण्याखाली लोकांची घरं आणि जमिनी गेल्या, आणि धरणग्रस्तांचं पुनर्वसन हा विषय मावळात आजही मिटलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ ला याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याविरुद्ध शेतकरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला. मी त्या नळाचं पाणी पितो, म्हणून मी माझ्या प्रत्येक गटाला वर बसवून हे सांगतो. दृश्य तेवढंच सुंदर राहतं, पण बघणारा जरा गप्प होतो.

वर पाळायच्या गोष्टींत मोहोळांचं काटेकोर पाळा. आपल्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. सुगंधी अत्तर, परफ्यूम, तीव्र वासाचं तेल लावून येऊ नका, कुठेही शेकोटी नको, दगड भिरकावणं नको, आरडाओरडा नको. एका गडावर (हा नव्हे) आमच्यापासून थोड्याच अंतरावर कुणीतरी पाला पेटवला आणि धुराने मोहोळ उठलं. आमच्यातल्या दोघांना वीस-पंचवीस डंख झाले. तेव्हा मी पहिल्या काही क्षणांत हात झटकत बसलो, जे करायचं नसतं. सरळ वाट असेल तर डोकं-चेहरा झाकून झपाझप दूर जायचं. जिन्यावर असाल तर पळणं माशांपेक्षा घातक आहे, खाली बसून जॅकेट किंवा चादर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायची. एक मोठी ओढणी पिशवीत असू द्या, ती उन्हालाही कामी येते.

सापांची भीती तुम्ही विचारली नाही, पण घरच्यांच्या मनात असते. फुरसं आणि घोणस या भागात आहेत. हात घालण्याआधी दगडाची खाच बघायची, बसण्याआधी जागा काठीने हलवायची, एवढं पुरेसं आहे. चुकून दंश झालाच तर काप देणं, आवळून बांधणं, तोंडाने ओढणं यातलं काहीही करायचं नाही. पाय हलू न देता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून सोबत न्यायची गरज नाही.

सामानात फार अडकू नका. मोठ्यांना प्रत्येकी दोन लिटर पाणी, मुलीला सव्वा लिटर. टाक्यांतलं पाणी वापरायचं गृहीत धरू नका. लिंबू-मीठ-साखर घातलेली एक बाटली वेगळी. खायला दशम्या किंवा धपाटे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. वेफर्सची पाकिटं तहान वाढवतात आणि रिकामी पाकिटं वाऱ्याने थेट कड्याखाली जातात. बुटांवर हजारो रुपये घालवायची गरज नाही. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज आमच्यातले कित्येक जण वर्षानुवर्षं वापरतात. तळव्याला खोल नक्षी हवी आणि बूट निघायच्या आधी किमान दोन आठवडे रोज वापरलेला हवा. घालण्याआधी एक तपासा: बुटात पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा आहे का. उतरताना पाय पुढे सरकतो, आणि जागा नसेल तर नखं काळी पडतात. बाबांसाठी एक काठी घ्या. जिन्यावर मात्र ती पिशवीला बांधा, तिथे दोन्ही हात मोकळे हवेत.

आणि आता उतरणं. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून तो थांबत नाही, आणि तेवढ्यात मांड्या संपतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करत असतात आणि रोजच्या आयुष्यात त्यांना त्याची सवय नसते. म्हणून शेवटच्या टप्प्यात गुडघे लटपटतात, आणि घसरतात लोक तिथेच, जिन्यावर नाही. जिन्यावर सगळे सावध असतात. खालच्या सोप्या वाटेवर सुटे खडे आणि भुसभुशीत माती असते, गाडी दिसायला लागलेली असते आणि बोलणं सुरू झालेलं असतं. जिना उतरताना बाबांनी तोंड कातळाकडे करून, शिडी उतरल्यासारखं उतरावं. त्यात कमीपणा काही नाही, मी आजही दोन ठिकाणी तसाच उतरतो. खालच्या वाटेवर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, टाच आपटायची नाही. पुन्हा तळजाईपाशी थांबा, आणि वेताळ दरवाज्यापाशीही थांबा, दमला नसाल तरी थांबा.

खाली आलात की पेठेतल्या घरी जेवा. चढायला निघतानाच सांगून ठेवलंत तर उतरेपर्यंत पिठलं-भाकरी तयार असते. जेवणानंतर तलावाकाठी जायचा मोह होईल. जा, काठावर बसा, पण पाण्यात उतरू नका. काठाचा उतार एकाएकी खोल होतो, खाली गाळ असतो आणि पोहणारी माणसंही तिथे अडकली आहेत. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात जून २०२४ च्या शेवटच्या रविवारी एका कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. पाण्याच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, माझ्या गटातला माणूस घोट्यापेक्षा वर भिजलेला मला चालत नाही.

जुलैतून ऑक्टोबर झाला म्हणून मुलगी हिरमुसेल, तर मधले आठवडे कामाला लावा. इमारतीचा जिना आहेच. मात्र लोक उलट करतात, चढून जातात आणि लिफ्टने खाली येतात. तुम्ही चौघांनी आठवड्यातून चार दिवस लिफ्टने वर जायचं आणि चालत खाली यायचं, कठड्याला हात न लावता, पाऊल हळू टेकवत. पहिल्या आठवड्यात वीस मजले, मग दर आठवड्याला दहा-दहा वाढवत साठ-सत्तरपर्यंत. बाबांनी डॉक्टरांशी बोलल्यानंतरच सुरू करायचं आणि त्यांचे आकडे निम्मे ठेवायचे. पहिल्या दोन-तीन दिवसांनी मांड्या भरून येतील, त्या दिवसांत विश्रांती. जिन्याच्या साठाव्या मजल्यानंतरही मुलगी बडबड करत उतरत असेल, तर तारीख ठरवा आणि पेठेत जेवणाचा निरोप धाडा.